तानपुऱ्यामागे पंखा ऐकू येऊ नये : घरच्या संगीत-संगणकाची जुळणी

गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासच्या कौलारू घरात रात्री दहानंतर रहदारी थांबली की संगणकाच्या पंख्याची घरघर तानपुऱ्याच्या षड्जाखालून स्पष्ट ऐकू येते. म्हणून केवळ संगीतासाठी संगणक जुळवताना वेगाआधी तो किती गप्प राहतो हे पाहावे. सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे म्हणजे नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एवढे काम साधा प्रोसेसरही सहज पार पाडतो. इंटेल एन१०० हा ६ वॅटचा प्रोसेसर असलेला बिनपंख्याचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम आणि एसएसडी यांवर भागते. पंखा नसल्यामुळे सगळी उष्णता धातूच्या पेटीतूनच बाहेर पडते. तेव्हा ती पेटी बंद कपाटात ठेवू नये आणि तिच्यावर काहीही रचू नये.

वाचलेला पैसा डॅक (अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण) आणि स्पीकर यांवर खर्च करावा. माझ्या जुन्या संगणकाच्या जॅकला हेडफोन लावून माऊस हलवला की बारीक किरकिर ऐकू येई, कारण मदरबोर्डवरच्या विजेच्या हालचाली तिथल्या ध्वनिमार्गात झिरपत होत्या. यूएसबीने जोडलेला वेगळा डॅक हे रूपांतर पेटीच्या बाहेर करतो, आणि तो असिंक्रोनस पद्धतीचा असेल तर नमुन्यांची लय संगणकाऐवजी त्याचे स्वतःचे घड्याळ सांभाळते.

विंडोजचा मिक्सर सर्व आवाज नमुन्यांच्या एकाच ठरलेल्या दरात बदलून पुढे पाठवतो. हे टाळण्यासाठी फूबार२००० या गाणी वाजवण्याच्या प्रोग्राममध्ये वासापीचा एक्सक्लुझिव्ह पर्याय, म्हणजे मिक्सरला वगळून थेट डॅककडे जाणारी वाट, निवडावा. माझी स्वतःची पसंती लिनक्सवरच्या एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला आहे, कारण मग संगणकाला पडदा लागत नाही आणि गाणे फोनवरून निवडता येते. डॅकला छोटा पडदा असेल तर सीडीवरचे गाणे लावून तिथे ४४.१ (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने) हा आकडा दिसतो का ते पाहावे; ४८ दिसला तर वाटेत कुठेतरी दर बदलला जात आहे.

घरातल्या सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने संगणकावर उतरवून फ्लॅक या फाइल-प्रकारात साठवाव्यात. फ्लॅकमध्ये एकही बिट हरवत नाही आणि जागा मात्र साधारण निम्मीच लागते. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यांना भुलू नये. केसरबाई केरकरांचे गाणे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून आलेले असेल, तर तबकडीत जे कोरलेच गेले नाही ते मोठ्या फाइलीत कुठून येणार? तिथे तबकडीवरून गाणे उतरवणाऱ्याचा हात महत्त्वाचा ठरतो. खरखर काढण्याच्या भरात ज्याने आवाजाची धार बोथट केली, त्याची प्रत कितीही बिटांची असली तरी मी ठेवत नाही.

जुन्या घरांत अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्यावी. संगणक आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटांवर असले की स्पीकरमधून ‘हम्म’ असा अखंड आवाज येऊ शकतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनच्या पट्टीवर घेतल्याने तो बहुधा जातो. त्यासाठी अर्थची पिन काढून टाकणे धोक्याचे आहे, ते कधीही करू नये. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यामुळे लहान यूपीएस हवाच.

गोव्यात खरी कसोटी जून ते सप्टेंबर या काळात लागते. एका जुलैमध्ये महिनाभर बंद राहिलेला संगणक उघडला, तर स्क्रूंवर पांढरी भुकटी आणि यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर होता. तेव्हापासून पावसाळ्यात मी तो रोज दोन-तीन तास चालू ठेवतो. आतली ऊब दमटपणा साचू देत नाही. संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि चतुर्थीच्या आधी एकदा जोडून फाइली उघडतात ना ते पाहावे.