परदेशातल्या पोरांच्या कामधंद्याच्या ट्रेनिंगला मदत करायचीये? मग बजेट उलटीकडून मांडा

चार-पाच जण एकत्र आले की कधीतरी हा विषय निघतोच, की आपण एक छोटीशी संस्था काढू आणि आफ्रिकेत किंवा अजून कुठे ज्यांची शाळा सुटलीये, घरात कमावणारं कुणी नाही अशा पोरापोरींना सुतारकाम, शिवणकाम, वेल्डिंग, वायरिंग असलं काहीतरी शिकायला मदत करू. आयडिया चांगलीच आहे. पण बहुतेक जण सुरुवात करतात फीपासून, म्हणजे एका मुलाची फी किती, आपल्याकडे जमतात किती, केला भागाकार, आले इतके विद्यार्थी. फी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो. पोरगं कोर्स करून बाहेर पडतं तेव्हा हातात सर्टिफिकेट असतं आणि हत्यार एकही नसतं, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. म्हणून आधी कोर्स संपल्यानंतरच्या सहा महिन्यांचा खर्च लिहा, मग कोर्सचा, आणि त्यातून जितके विद्यार्थी निघतील तितकेच घ्या. आकडा लहान दिसेल, दिसू दे.

हे मी हवेत बोलत नाहीये. युगांडा सरकारने २००८ मध्ये यूथ ऑपॉर्च्युनिटीज प्रोग्राम नावाची स्कीम राबवली होती, तिकडच्या उत्तर भागात, जिथे बरीच वर्षं लढाई चालली होती. तरुणांनी गट करून अर्ज करायचा, एखादं काम शिकणार आणि धंदा टाकणार असं लिहून द्यायचं आणि पैसे थेट गटाला मिळायचे, माणशी साधारण ३८२ डॉलर. त्या पैशातून त्यांनी शिकण्यावरही खर्च केला पण मोठा हिस्सा गेला हत्यारं आणि मालावर. चार वर्षांनी पाहिलं तर पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त होती. आता नऊ वर्षांनी परत पाहिलं तेव्हा हा फरक जवळपास मिटला होता, कारण बाकीच्यांनीही हळूहळू कामधंदा जमवला होता, म्हणजे ही काही जादूची कांडी नाही. तरी वयाच्या विशीत चार-पाच वर्षं आधी पायावर उभं राहणं ही काही छोटी गोष्ट नाही असं मला वाटतं.

तर पहिलं काम, तिथल्या बाजारात कशाला मागणी आहे ते बघा, तेही तुम्ही नाही, तिथल्या माणसांकरवी. ट्रेनिंग सेंटरला विचारलं तर ते त्यांच्याकडे जे मास्तर आहेत तेच विषय सांगणार, त्यात त्यांची चूक नाही. त्यापेक्षा त्या गावातल्या पाच-सहा वर्कशॉपवाल्यांना विचारायला लावा की तुला हाताखाली माणूस हवाय का, कसला हवाय, मागचा का सोडून गेला. शिवणकामाचं तर हमखास विचारा, कारण मुलींसाठी काही करायचं म्हटलं की सगळे डोळे झाकून शिवणकाम आणि केशकर्तन याच दोन गोष्टी निवडतात आणि मग एकाच रस्त्यावर वीस टेलर बसतात. शाळांचे युनिफॉर्म कोण शिवतं, ती ऑर्डर कशी मिळते, एवढं जरी कळलं तरी खूप झालं. पूर्व आफ्रिकेत मोटरसायकल टॅक्सी जिकडेतिकडे आहेत, त्यांना तिकडे बोडा बोडा म्हणतात, त्यामुळे बाइक दुरुस्तीला काम असतं, आणि मुलींना ते शिकवायला काहीही हरकत नाही, फक्त वर्कशॉपचा मालक कोण आहे आणि तिथे वातावरण कसं आहे ते नीट बघून.

दुसरं, स्वतःचं सेंटर काढायच्या भानगडीत पडू नका. इमारत दिसते छान, उद्घाटनाचा फोटो पण येतो, पण मग छप्पर, वॉचमन, लाइट बिल, मास्तरांचे पगार हे सगळं दर महिन्याला तुमच्या गळ्यात. जे आधीपासून चालू आहे त्याला जोडून घ्या. एकतर सरकारमान्य सेंटर, नाहीतर उस्ताद, म्हणजे स्वतःचं वर्कशॉप चालवणारा मुरलेला कारागीर. पश्चिम आफ्रिकेत तर बहुतेक पोरं उस्तादाच्या हाताखालीच शिकतात, आणि तिथल्या बेनिन देशाने याचीच सरकारी व्यवस्था केलीये, पोरगं आठवडाभर वर्कशॉपमध्ये काम करतं आणि एक दिवस सेंटरमध्ये जाऊन थिअरी शिकतं. छोट्या संस्थेला ही पद्धत परवडते कारण वर्कशॉपचा खर्च वर्कशॉपच काढतं. मात्र उस्तादाशी लेखी करार करा, एका पानाचा असला तरी चालेल, त्यात काय काय शिकवणार, किती महिने, आणि पोराला नुसतं झाडू मारायला आणि डबा आणायला ठेवणार नाही हे स्पष्ट असू दे.

सर्टिफिकेटला मी वर जरा हसलो पण त्याला किंमत आहे. युगांडातच झालेला दुसरा एक अभ्यास आहे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, त्यात काही तरुणांना सेंटरमध्ये शिकवलं आणि काहींना थेट कंपन्यांमध्ये कामावर ठेवून. दोघांचंही भलं झालं, पण सेंटरवाल्यांचा फायदा जास्त टिकला, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या मालकाला दाखवायला कागद होता, कंपनीत शिकलेल्यांकडे हुनर होता पण तो सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून उस्तादाकडे शिकवा पण सरकारी परीक्षेला बसवाच. केनियात नीटा म्हणून कामधंद्याच्या ट्रेनिंगची सरकारी संस्था आहे, तिची ग्रेड टेस्ट असते, ग्रेड तीनपासून सुरुवात आणि ग्रेड एक सगळ्यात वरची. टांझानियात वेटा ही तशीच संस्था आहे, १९९४ च्या कायद्याने झालेली, काम करता करता शिकलेल्यांचं कौशल्य तपासून सर्टिफिकेट द्यायची सोय तिच्याकडेही आहे. परीक्षेची फी, परीक्षेला लागणारं सामान आणि त्या दिवशीचं गाडीभाडं बजेटमध्ये धरा, वर्षभर शिकवून शेवटी या किरकोळ पैशांपायी परीक्षा हुकते हे फार वाईट.

गाडीभाड्यावरून आठवलं, पोरं मध्येच का सोडतात याची कारणं फार साधी असतात. यायला-जायला पैसे नाहीत, दुपारी खायला नाही, मुलीचं बाळ सांभाळायला कुणी नाही, पाळीच्या दिवसांत सेंटरमध्ये धड संडास नाही. फी भरलेली असूनही सोडतात ती याच्यामुळे. दुपारचं जेवण आणि पाळणाघराची काहीतरी व्यवस्था, मग ती सेंटरजवळच्या एखाद्या बाईला थोडे पैसे देऊन का असेना, याच्यावर टाकलेला पैसा वाया जात नाही.

आता हत्यारांचं, माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल. दोन रस्ते आहेत, तिथेच विकत घ्यायची किंवा इथून जुनी गोळा करून दुरुस्त करून पाठवायची. ब्रिटनमध्ये टूल्स विथ अ मिशन, वर्कएड अशा संस्था दुसरा रस्ता धरून काम करतात, लोकांच्या गॅरेजमध्ये पडलेली हत्यारं आणि शिलाई मशीनं घेतात, स्वयंसेवक ती घासूनपुसून ठीक करतात, धंद्याप्रमाणे किट लावतात आणि आफ्रिकेत पाठवतात. तुम्ही लहान असाल तर स्वतः कंटेनर भरण्यापेक्षा अशा कुणाला तरी जोडून घेणं कधीही बरं. स्वतः पाठवायचंच असेल तर लक्षात घ्या की लाकडी खोका साधा चालत नाही, लाकडातल्या किडीसाठी आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं (किंवा नियमाप्रमाणे दुसरी प्रक्रिया केलेलं) आणि तसा शिक्का मारलेला पाहिजे. केनियासारख्या देशात माल निघायच्या आधीच तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. कस्टम ड्यूटी माफ होईल असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माफीचं पत्र हातात आल्याशिवाय बोटीवर काही चढवू नका, कारण बंदरात माल अडकला की दिवसाप्रमाणे भाडं चढत जातं आणि ते शेवटी भरायला लागतं तिकडच्या गरीब संस्थेला.

शिलाई मशीन निवडताना पायाचं किंवा हाताचं घ्या, लाइट असो नसो चालतं. इलेक्ट्रिक घेतलंत तर व्होल्टेज बघा, अमेरिकेतलं ११० ते १२० व्होल्टचं मशीन केनियातल्या २४० व्होल्टवर थेट लावलं तर मोटर गेलीच समजा. कॉम्प्युटरवालं, पन्नास डिझाइनचं मशीन कुणी प्रेमाने दिलं तरी नको म्हणा, बिघडलं की तिकडे सर्किट कुठून आणणार.

जुनं मशीन आलं की आधी हाताने चाक फिरवून बघा. जड फिरत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल सुकून गोंद झालेलं असतं, मशीन मोडलेलं नसतं. सुई आणि कापड दाबून धरणारा मशीनचा पाय काढा, सुईखालची पट्टी उघडा, कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या मध्ये दाबून बसलेली सुताची लादी ब्रशने आणि टाचणीने उकरून काढा, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढून शटलची जागा पुसा. मग शिलाई मशीनचंच तेल, दुसरं कुठलं नाही, प्रत्येक सांध्यावर एक-एक थेंब, आणि चाक फिरवत राहा. खूपच घट्ट असेल तर रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत. नंतर नवी सुई लावा, १४ नंबरची, आणि सुती कापडाच्या दोन पदरांवर टाका मारून बघा. खालच्या बाजूने दोऱ्याचे फास लोंबत असले तर लोक लगेच बॉबिनचा स्क्रू पिळायला घेतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, आधी मशीनचा पाय वर उचलून दोरा पहिल्यापासून नीट ओवा, तेवढ्यानेच निम्म्या वेळा सुटतं. बॉबिनचा ताण बघायला भरलेली बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा आणि हलका झटका द्या, किंचित खाली घसरून थांबली तर ताण ठीक, सरसर खाली आली तर ढिला, हललीच नाही तर जास्त. प्रत्येक मशीनबरोबर त्याच मापाच्या दहा बॉबिन, सुयांची पाकिटं, तेलाची बाटली आणि पायाच्या मशीनला जास्तीचा पट्टा हे जायलाच पाहिजे.

सुतारकामाच्या किटमध्ये करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या, हातोडी, गुण्या, टेप, गिरमिट आणि धार लावायचा दगड. दगड विसरतात! बोथट पटाशीने काय करणार बिचारा. पटाशीला २५ अंशाची धार काढून टोकाला ३० अंशाची बारीक धार देतात, ती देऊन, तेलाचा हात फिरवून, पात्याला जाड कागद गुंडाळूनच पॅक करा. मूठ तडकलेली, दाते तुटलेले असं काही जाऊ देऊ नका. तुम्ही स्वतः वापराल का, नसाल तर भंगारात टाका, गरिबाला चालेल हा विचार इथे नकोच.

पण सगळा हिशोब करून तिथेच घेणं स्वस्त पडत असेल तर तिथेच घ्या. सिंगर, बटरफ्लाय छापाची पायाची मशीनं पूर्व आफ्रिकेच्या बाजारात मिळतात, त्यांचे पार्ट मिळतात, दुरुस्त करणारे मिळतात, आणि तो पैसा तिथल्याच दुकानदाराकडे जातो. गोळा करण्यात इथल्या लोकांना मजा येते हे खरंय, पण त्यांच्या मजेसाठी आपण हे करत नाहीये.

किट एकदम देऊ नका. घरात कुणी आजारी पडलं की पहिलं विकलं जातं ते नवंकोरं मशीन, आणि त्यात त्या मुलीला नाव ठेवण्यासारखं काही नाही. अर्धं सामान कोर्स संपल्यावर आणि उरलेलं तीन महिने काम चालू दिसलं की, असं केलेलं बरं. दोन-तीन जणींनी मिळून एक मशीन हा प्रकार कागदावर छान दिसतो पण एकीचं लग्न झालं किंवा ती दुसऱ्या गावाला गेली की भांडण, त्यामुळे शक्यतो एकाला एक.

पैसे पाठवायचे ते संस्थेच्या नावाच्या खात्यात, जिथे दोन सह्या लागतात. कितीही ओळखीचा असला तरी एका माणसाच्या मोबाइल वॉलेटवर नाही. बजेट त्यांच्या चलनात मांडा, रेट हलला की फटका कुणाला हे आधी ठरवा, आणि हप्त्याहप्त्याने द्या. तुमच्या बाजूचे कायदेही बघून घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये संस्थेचं वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की चॅरिटी कमिशन या सरकारी देखरेख संस्थेकडे सहसा नोंदणी करावी लागते आणि गिफ्ट एड नावाच्या योजनेतून करदात्याने दान केलेल्या एका पौंडावर सरकार २५ पेन्स घालतं. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्या रकमेला करसवलत सहसा मिळत नाही, त्याला सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, वेगळी मंजुरी लागते, म्हणून ट्रस्टच्या पैशातून परस्पर पाठवायच्या आधी सीएला विचारा.

फोटोंबद्दल एकच, पोरांना विचारून आणि काम करतानाचे घ्या. अनाथ, एचआयव्ही, बापाने टाकलं असलं काही नावासकट पोस्टमध्ये लिहू नका, तो मुलगा उद्या स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव शोधणार आहे.

आणि हिशोब विचारताना किती जण पास झाले हे विचारू नका, सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जण त्याच कामातून कमावतायत, आठवड्याला किती दिवस काम मिळतं हे विचारा. त्यासाठी कोर्स संपायच्या आत प्रत्येकाचे दोन नंबर लिहून घ्या, एक त्याचा आणि एक आई, मावशी, शेजारी अशा कुणाचा जे जागा सोडून जाणार नाहीत, कारण पोरं सिम सारखी बदलतात. फोन करायचं काम तिथल्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला पगार देऊन द्या, मास्तरांना दिलं तर सगळ्यांचं उत्तम चाललंय असंच कळेल.