घरबसल्या आइसलँडच्या ज्वालामुखीचे ग्राफ कसे वाचायचे

आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटणार अशी बातमी आली की सगळे लाइव्ह कॅमेरा लावून बसतात. पण कॅमेऱ्यात दिसतो तो शेवटचा सीन, त्याआधीची सगळी हालचाल ग्राफमध्ये उमटलेली असते आणि ते ग्राफ तिथलं हवामान खातं, वेदुरस्तोवा, साइटवर फुकट टाकतं. पाऊस, भूकंप, ज्वालामुखी, हिमनदीचे पूर सगळं याच एका ऑफिसकडे, त्यामुळे दहा ठिकाणी भटकावं लागत नाही.

सुरुवात भूकंपांच्या टेबलपासून करा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आइसलँड वर्षभर त्याच वेळेवर चालतं, उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. टेबलमध्ये क्वालिटी नावाचा एक कॉलम आहे, लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि नेमका तोच महत्त्वाचा. तिथे ९९ दिसलं म्हणजे माणसाने तो भूकंप हाताने तपासलाय, त्यापेक्षा कमी असेल तर तो कॉम्प्युटरचा पहिला अंदाज. अशा न तपासलेल्या भूकंपाची खोली आणि तीव्रता दोन्ही नंतर बदलू शकतात, कधी तो भूकंप लिस्टमधून गायबही होतो. एखादा मोठा आकडा दिसला की लगेच स्क्रीनशॉट काढून पसरवणाऱ्यांनी हा कॉलम आधी बघावा, एवढीच विनंती.

आता तीव्रतेबद्दल. आकडा एकने वाढला की जमिनीची हालचाल दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट, म्हणजे दोनचे हजार भूकंप झाले तरी त्यांची सगळी ऊर्जा चारच्या एका भूकंपाला जेमतेम टेकते. म्हणून "आज हजार भूकंप झाले" या वाक्याने घाबरू नका. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, शोधायचा असेल तर किती झाले यापेक्षा ते कुठून कुठे सरकतायत ते बघा. यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे २०१४ चा बार्दारबुंगा ज्वालामुखी. ऑगस्टच्या मध्यात वात्नायोकुल या प्रचंड हिमनदीच्या बर्फाखाली भूकंप सुरू झाले आणि मग नकाशावरचे ठिपके रोज थोडे थोडे ईशान्येकडे सरकत गेले, मध्येच थांबायचे, परत पुढे जायचे, असं दोन आठवड्यांत साधारण ४५ किलोमीटर गेल्यावर लाव्हा बर्फाच्या बाहेर होलुहराउनच्या मैदानात वर आला. मॅग्मा जमिनीखालून आडवा प्रवास करतो हे इतकं स्पष्ट फार कमी वेळा दिसतं. तुम्हीही तेच करा, सहा-सहा तासांचे नकाशे शेजारी ठेवा आणि ठिपक्यांचं टोक कुठल्या दिशेला वाढतंय ते बघा. एक सावधगिरी मात्र हवी, मॅग्मा खडकात घुसला की आजूबाजूच्या जुन्या भेगांवर ताण येतो आणि तिथेही भूकंप होतात, कधी कधी हेच मोठे असतात, पण तिथे मॅग्मा गेला असं नव्हे.

भूकंप थंडावले म्हणजे धोका टळला, हा दुसरा गैरसमज. २०२१ मध्ये फाग्राडाल्सफ्याल डोंगराजवळ २४ फेब्रुवारीला पाचपेक्षा मोठा धक्का बसला, मग तीन आठवडे नुसता धुमाकूळ, आणि मार्चच्या मध्यात जरा शांत झालं. लोकांनी सुस्कारा सोडला आणि १९ मार्चच्या रात्री लाव्हा बाहेर! उलट १८ डिसेंबर २०२३ ला ग्रिंडाविक गावाजवळ रात्री नऊच्या सुमाराला भूकंपांची झुंबड सुरू झाली आणि १०:१७ ला जमीन फाटली. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ ला तर साधारण अर्ध्या तासाचीच सूचना मिळाली. शेजारशेजारच्या दोन जागा, तरी वागणूक एकदम वेगळी, म्हणून एका उद्रेकाचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही.

म्हणूनच मी भूकंपांपेक्षा जीपीएसवर जास्त विश्वास ठेवतो. प्रत्येक स्टेशनचे तीन ग्राफ असतात, उत्तर, पूर्व आणि वर. ग्रिंडाविकजवळच्या स्वार्त्सेंगीचं स्टेशन उघडून बघा, शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. साधारण ४-५ किलोमीटर खोलीवर मॅग्मा साठत जातो तशी जमीन हळूहळू वर येते आणि तो बाजूला निसटला की काही तासांत धपकन खाली, मग परत चढण सुरू, ग्राफ अगदी करवतीच्या दातांसारखा दिसतो. बघताना एकट्या-दुकट्या ठिपक्यावर जाऊ नका, सलग आठ-दहा ठिपके एका बाजूला गेले तरच ते खरं. हिवाळ्यात अँटेनावर बर्फ साचलं की ठिपके उगाच उड्या मारतात, अशा वेळी शेजारची दोन स्टेशनं उघडायची, तिथेही तेच दिसत नसेल तर विषय संपला. सॅटेलाइटचे इंद्रधनुष्यासारखे पट्ट्यांचे नकाशे मिळाले तर सेंटिनेल-१ च्या नकाशात एक पूर्ण रंगचक्र म्हणजे जमीन सॅटेलाइटच्या दिशेने किंवा त्याच्यापासून लांब २.८ सेंटीमीटर हलली असं धरा. हिमनदीवर हे तंत्र चालत नाही, बर्फाचा पृष्ठभागच सारखा बदलत असतो.

ट्रेमरचा ग्राफ, म्हणजे जमिनीची सततची बारीक थरथर, त्यात तीन फ्रिक्वेन्सीच्या रेघा असतात. त्या वर गेल्या की नवखे लोक उद्रेक जाहीर करून मोकळे होतात आणि बऱ्याचदा ते निघतं वादळ. सोपा उपाय, देशाच्या दुसऱ्या टोकाचं स्टेशन उघडा, तिथेही रेघा चढल्या असतील तर तो वारा आणि समुद्र.

बर्फाखालच्या ज्वालामुखींचं गणित वेगळं. कात्लाला उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात भूकंप वाढतात, त्यात वितळलेल्या पाण्याचा हात असतो, म्हणून सप्टेंबरचे आकडे जानेवारीशी नाही तर आधीच्या सप्टेंबरशी ताडून बघा. ग्रिम्स्वोत्नला जीपीएस चक्क तळ्यावर तरंगणाऱ्या बर्फावर बसवलंय, ते खाली बसायला लागलं की पाणी निसटलंय, आता काही दिवसांत खाली पूर येणार. तेव्हा नदीची पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता हे दोन ग्राफ उघडून ठेवा, ज्वालामुखीखालचं खनिजांचं पाणी मिसळलं की वाहकता चढते. हे पूर साधेसुधे नसतात, १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये स्केदाराउर नदीच्या पुराने देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडवरचे पूल मोडले, २०११ च्या जुलैमध्ये मूलाक्विस्लवरचा पूल वाहून गेला.

आणि वात्नायोकुलच्या आसपासची जमीन वर येताना दिसली तर लगेच मॅग्मा म्हणू नका. तापमान वाढून बर्फ कमी होतंय (ओक हिमनदी तर २०१४ मध्ये मृत ठरवली गेली), वरचं ओझं उतरलं की जमीन वर्षानुवर्षं उचलली जाते, शिवाय हिवाळ्यात नव्या बर्फाने थोडी दबते आणि उन्हाळ्यात परत वर, म्हणून ग्राफ लाटेसारखा चढतो. आधी पाच-दहा वर्षांचा ग्राफ उघडा, त्या लांब चढणीचा उतार डोळ्यात बसवा आणि मग शेवटचे काही महिने त्या उतारापेक्षा जास्त वेगाने चढतायत का ते तपासा, चढत असतील तर त्याच दिवसांचं भूकंपांचं टेबल शेजारी लावा.