प्रोपगंडा पिक्चर कानाने कसा पकडायचा (आधी स्पीकर बंद करा)

पिक्चरचं म्युझिक आपल्याला गुपचूप कोणाच्या बाजूला ओढतंय ते पकडायची ही युक्ती आम्हाला चुकून सापडली. रामबागेत आत्याकडे रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर भिंतीवर चादर लावून 'बॅटलशिप पोटेमकिन' बघत होतो, सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा १९२५ चा मूकपट, झारविरुद्ध (रशियाच्या सम्राटाविरुद्ध) बंड करणाऱ्या खलाशांचा, आणि ऐन ओडेसा शहरातल्या पायऱ्यांवर झारच्या सैनिकांचा लोकांवर गोळीबार सुरू झाला तेव्हाच स्पीकरची बॅटरी संपली. दोन मिनिटं सगळे गप्प, मग आत्या म्हणाली, "अरे, मघाशी मला रडू येत होतं, आता नुसते पळताना दिसतायत." बस, तेव्हापासून आम्ही मुद्दाम तसंच करतो.

आधी कॉपी बघून घ्या. मूकपटाच्या फिल्मवर आवाज नसायचाच, थिएटरात वादक बसून वाजवायचे, म्हणून नेटवर एकाच पिक्चरला दहा प्रकारचं म्युझिक चिकटवलेलं मिळतं. रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या सिंफनीचे (मोठ्या वाद्यवृंदाच्या रचनांचे) तुकडे लावलेली कॉपी १९७० च्या दशकातली आहे, चांगली आहे पण आत्ता ती नको. संगीतकार एडमुंड मायझेलचं संगीत असलेली शोधा, ते १९२६ च्या बर्लिनच्या शोसाठी लिहिलं होतं, तेही म्हणे १२ दिवसांत.

आता पायऱ्यांचा सीन तीनदा लावायचा. एकदा म्यूट, एकदा मायझेल, आणि एकदा घरात जे असेल ते. आम्ही आपल्या अमीर खाँसाहेबांचा विलंबित मारवा लावला, तर गोळ्या झाडणारे सैनिकसुद्धा दमलेले, बिचारे वाटायला लागले, राग कोणावर काढायचा तेच कळेना! (मारवा संध्याकाळचा राग, तो सकाळी अकराला लावला म्हणून आत्याची बोलणी खाल्ली ते वेगळं.) दर वेळी कागदावर एवढंच लिहा की आपण कोणाच्या बाजूने आहोत आणि ते नक्की कुठल्या शॉटला ठरलं.

पण खरी गंमत शेवटच्या रीळात आहे. बंडखोरांच्या जहाजासमोरून झारचं आरमार येतंय, गोळी एकही सुटत नाही, दिसतात ती इंजिनं, पिस्टन, तोफांची तोंडं. आयझेनस्टाइनने मायझेलला इथे नुसती लय मागितली होती, आणि त्याने यंत्रासारखे ठोके असे चढवत नेलेत की आपला पाय आपोआप हलायला लागतो. ज्या क्षणी पाय हलला तिथे पॉज करा आणि पडद्यावर त्या वेळी नक्की काय घडत होतं ते बघा. बहुतेक वेळा काहीच नसतं.

बोलपट हवा असेल तर आयझेनस्टाइनचाच १९३८ चा 'अलेक्झांडर नेव्हस्की' घ्या, रशियावर चालून आलेल्या जर्मन सरदारांशी झालेल्या लढाईचा, संगीत प्रोकोफिएव्हचं. जर्मन सरदारांची तुतारी कानाला टोचते ना, ती मुद्दाम, माइकच्या अगदी जवळ वाजवून आवाज फाडलाय, आणि रशियनांना मात्र गावातल्या गाण्यासारखे सूर. १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला आणि पिक्चर गुंडाळून ठेवला, १९४१ ला जर्मनीने हल्ला केल्यावर तोच परत थिएटरात, तुतारीसकट.

नाझींचा १९३५ चा 'ट्रायम्फ ऑफ द विल' पूर्ण बघायची गरज नाही, मिरवणुकाच मिरवणुका, बोअर होतं. सुरुवातीचं ढगातलं विमान तेवढं घ्या, हर्बर्ट विंटचं संगीत हळूच पक्षाच्या गाण्यात कधी शिरतं ते डोळे मिटून पकडायचं. आमच्यात अजून कोणाला पहिल्या झटक्यात जमलेलं नाही, आणि हो, स्पीकर चार्ज करून ठेवा.