फिल_सुपर आवरताना
लिनक्स फाइलसिस्टिमच्या फिल_सुपरमध्ये, म्हणजे माउंट करताना सुपरब्लॉक भरणाऱ्या फंक्शनमध्ये, साधारण केझॅलॉक (एसबीआय या खासगी माहितीसाठी मेमरी घेणं), एसबी_बीरीड (डिस्कवरचा ब्लॉक वाचणं), रूट आयनोड (मूळ डिरेक्टरीची नोंद), डी_मेक_रूट (त्या आयनोडवरून मूळ डेंट्री बनवणं) असा क्रम असतो. पायरी फसल्यावरच्या प्रत्येक इफमध्ये तीच साफसफाई पुन्हा लिहू नका. फंक्शनच्या शेवटी गोटूने उडी मारायची लेबलं ठेवा, घेतलं त्याच्या उलट क्रमाने: आधी बीरेल्स (वाचलेला ब्लॉक सोडणं), मग केफ्री (मेमरी सोडणं). लेबलाला ‘एरर१’ नको, ‘आउट_फ्री_एसबीआय’ असं कामाचं नाव द्या. मध्ये एक पायरी घुसवली की आकड्यांचा गोंधळ ठरलेला.

गोटूआधी एरर कोड भराच. जुना शून्य परत गेला तर माउंट जमलं असं समजून कर्नल पुढे जातो आणि कोसळतो. एस_रूट (सुपरब्लॉकमधला मूळ डेंट्रीचा पॉइंटर) बसण्याआधी अपयश आलं तर अनमाउंटच्या वेळी साफसफाई करणारं पुट_सुपर बोलावलंच जात नाही, म्हणून सगळं इथेच सोडा. अपवाद एक, आणि चुका इथेच होतात: डी_मेक_रूट फसलं तर आयनोड तेच सोडतं. वरून आयपुट (आयनोडचा संदर्भ सोडणं) केलंत की तोच संदर्भ दोनदा सुटतो.