पायथनचं सी एक्स्टेन्शन बिल्ड करताय? या चुका टाळा

पायथनच्या काही पॅकेजमध्ये सी भाषेत लिहिलेला भाग असतो, तेच सी एक्स्टेन्शन. विंडोजवर पिपने (पायथनची पॅकेज टाकायचं साधन) असं पॅकेज टाकताना ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ असा एरर आला की अनेक जण व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल डाउनलोड करतात. त्याने काही फरक पडत नाही. त्यात तयार प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या डीएलएल (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी फाइली) असतात, सी कोडचं मशीन कोड करणारा कम्पायलर नसतो. व्हीएस कोडमध्येही नसतो, तो नुसता एडिटर. हवे असतात व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स, आणि ते टाकताना ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ हा वर्कलोड (घटकांचा संच) निवडावा लागतो. जागा वाचवायला त्यातली विंडोज एसडीकेची टिक काढू नका. मग कम्पायलर सापडतो, पण साध्या हेडर फाइली सापडत नाहीत.

अर्थात, एवढे जीबी उतरवण्याआधी कम्पाइल करायची वेळ का आली ते बघा. पिप सोर्सकडे (मूळ कोडकडे) वळतं ते बहुतेकदा तुमच्या पायथनसाठी तयार व्हील (आधीच कम्पाइल केलेलं पॅकेज) नसतं म्हणून. पायथन अगदी ताजं असतं, नाहीतर चुकून ३२-बिट टाकलेलं असतं. एक आवृत्ती मागचं ६४-बिट पायथन घेतलं की पुष्कळदा विषयच संपतो.

कम्पायलर कोणता, ते पायथनलाच विचारा

पायथन सुरू केलं की पहिल्याच ओळीत चौकोनी कंसात ‘एमएससी व्ही.१९२९ ६४ बिट’ असं काहीतरी दिसतं. त्यातला आकडा म्हणजे ते पायथन ज्याने बांधलं त्या मायक्रोसॉफ्ट कम्पायलरची आवृत्ती. १५०० म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २००८, पायथन २.७ त्यावर बांधलेलं. १६०० म्हणजे २०१०, पायथन ३.३ आणि ३.४ साठी. या जुन्या पायथनना त्याच वर्षीचा कम्पायलर लागतो, कारण तेव्हा दर आवृत्तीचा सी रनटाइम (मेमरी, फाइली अशी मूलभूत कामं करणारी सीची लायब्ररी) वेगळा होता. पायथन ३.५ पासून आकडा १९०० किंवा त्याच्या पुढचा असतो आणि युनिव्हर्सल सी रनटाइम येतो. इथून पुढे २०१५, २०१७, २०१९, २०२२ यांतला कुठलाही टूलसेट (कम्पायलर आणि सोबतची साधनं) चालतो. अट एवढीच, की लिंकर (कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) हा ऑब्जेक्ट फाइली (ते तुकडे) बनवणाऱ्या सर्वांत नव्या टूलसेटइतका तरी नवा हवा. २०२२ ने बनवलेली स्टॅटिक लायब्ररी २०१७ च्या लिंकरला देऊ नका. ‘/जीएल’ (संपूर्ण प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन करणारा पर्याय) लावून कम्पाइल केलेल्या फाइलींना तर ही सवलतही नाही.

मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कम्पायलर) वापरणाऱ्यांनी एमसिस२ या टूल-संचामधलं यूसीआरटी६४ घ्यावं, ते युनिव्हर्सल सी रनटाइम वापरतं. जुनं मिनजीडब्ल्यू एमएसव्हीसीआरटी या जुन्या रनटाइमच्या डीएलएलशी लिंक करतं. बिल्ड होतं, इम्पोर्टही होतं. पण एका रनटाइमने उघडलेल्या फाइलचा पॉइंटर दुसऱ्याच्या हातात गेला की प्रोसेस कोसळते.

मेमरी ज्याने घेतली, त्यानेच सोडायची

पायमेम_मॅलॉक या पायथनच्या मेमरी घेण्याच्या फंक्शनने घेतलेला ब्लॉक सीच्या साध्या फ्रीने सोडणं ही चूक फार दिवस लपून राहते. पायथन ३.६ पासून पायमेम_मॅलॉक ५१२ बाइटपर्यंतची मागणी पायथनच्या स्वतःच्या अ‍ॅलोकेटरमधून (मेमरी वाटप यंत्रणेतून) भागवतं, त्याहून मोठी मागणी सिस्टिमच्या मॅलॉककडे जाते. म्हणजे टेस्टमध्ये ४ केबीचे बफर वापरलेत तर सगळं सुरळीत, आणि ग्राहकाकडे ४० बाइटची स्ट्रिंग आली की क्रॅश. विंडोजवर अशा हीप (प्रोग्रामला वापरायला मिळणारी मेमरी) बिघाडाचा एक्झिट कोड असतो -१०७३७४०९४०. पायथनमॅलॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘डीबग’ ठेवून टेस्ट चालवा, म्हणजे मोठ्या ब्लॉकलाही चूक सहसा तिथेच उघडी पडते. बाहेरची सी लायब्ररी मेमरी देत असेल तर ती सोडायचं फंक्शनही तिचंच वापरा.

डीबग मोडमध्ये बिल्ड केल्यावर लिंकर ‘पायथन३११_डी’ नावाची लायब्ररी मागत बसला, तर ती नेटवर शोधू नका. _डीबग मॅक्रो दिसताच पायथनची हेडर फाइल ते नाव आपोआप पुढे करते. सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) वापरत असाल तर त्यात ‘रेलविथडेबइन्फो’ निवडा. डीबगिंगसाठी लागणारे सिम्बॉल मिळतात आणि नेहमीच्या पायथनवरही चालतं.

बिल्ड झालं, इम्पोर्ट होत नाही

‘डीएलएल लोड फेल्ड’ या एररमध्ये नाव तुमच्या मॉड्यूलचं असतं, पण गायब असते ती भलतीच फाइल. डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये डंपबिन या टूलला ‘/डिपेंडंट्स’ देऊन पायडी फाइल (बिल्ड झालेलं एक्स्टेन्शन) तपासा, त्याला लागणाऱ्या डीएलएलची यादी समोर येते. डीएलएलचा फोल्डर पाथमध्ये (विंडोज जिथे प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरच्या यादीत) असूनही सापडत नसेल तर दोष पायथन ३.८ मधल्या बदलाचा आहे. तेव्हापासून एक्स्टेन्शनच्या डीएलएल शोधताना पाथ बघितला जात नाही. इम्पोर्टच्या आधी ओएस मॉड्यूलमधलं अ‍ॅड_डीएलएल_डिरेक्टरी वापरा, नाहीतर डीएलएल पायडीशेजारी ठेवा.

लिनक्सवर हाच त्रास जीलिबसी या सी रनटाइमच्या रूपात भेटतो. उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ८ मध्ये २.२८. नव्यावर बांधलेलं जुन्यावर नेलं की ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ येतं. उलट दिशेने सहसा चालतं. सर्व्हरवर नवी जीलिबसी कॉपी करायचा मोह टाळा, फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा चालेनाशी होईल. जुन्या जीलिबसीवर बिल्ड करण्यासाठी तयार केलेल्या मेनीलिनक्स_२_२८ च्या कंटेनरमध्ये बिल्ड करा आणि ऑडिटव्हील या टूलच्या ‘रिपेअर’मधून व्हील काढा. त्याहून जुनी मशिन असतील तर मेनीलिनक्स२०१४, तिथे जीलिबसी २.१७ आहे. अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीऐवजी मुसल असतं, त्यासाठी मुसललिनक्सचं व्हील वेगळं बांधावं लागतं.

कम्पायलर बदलूनही तोच एरर जसाच्या तसा येत असेल तर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा. पिपही घरी बांधलेलं व्हील कॅशमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच गुपचूप टाकतं. ‘नो-कॅश-डिर’ आणि ‘फोर्स-रीइन्स्टॉल’ हे दोन्ही पर्याय देऊन पॅकेज पुन्हा टाका.