लॉट घेताय? आधी हायड्रंट बघा

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, सेलिना या पट्ट्यात नवीन आलेली आपली मंडळी अधूनमधून फोन करतात. प्रश्न ठरलेला: "लॉट बघितलाय, बिल्डर म्हणतो दोन महिन्यांत परमिट. बयाणा देऊन टाकू का?" मी म्हणतो, आधी साइटवर जाऊन फायर हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ, शोधा. आणि तो नुसता उभा आहे की त्यात पाणी आलंय, तेही विचारा.

आपल्याकडे एनए प्लॉट घेतला, बोअर मारली की घर उभं राहतं. ड्रेनेज आणि पक्का रस्ता पुढच्या निवडणुकीच्या सुमारास येतो. इथे क्रम उलटा. पाण्याची लाइन, सुएज (मैलापाण्याची लाइन), पावसाच्या पाण्याची गटारं आणि रस्ता डेव्हलपरने आधी बांधायचा. शहराचा इन्स्पेक्टर तपासणार, शहर ते काम लेखी स्वीकारणार, प्लॅट, म्हणजे वसाहतीतल्या लॉटचा मंजूर नकाशा, काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) नोंदला जाणार. हे होईपर्यंत बहुतेक शहरं घराचं परमिट देत नाहीत. शिवाय काही अपवाद सोडले तर प्लॅट मंजूर नसलेल्या जमिनीला पाणी, वीज, गॅस जोडायला टेक्सासचा कायदाच मनाई करतो.

सुरुवातीला मला हा निव्वळ बाबूगिरीचा प्रकार वाटला होता. मग फ्रेमिंग, म्हणजे घरांचे सांगाडे उभारणं, चालू असलेली एक गल्ली पाहिली. विटा नावाला, बाहेरून चिकटवलेल्या. आत सगळं लाकूड. ओळीने उभ्या अशा दहा सांगाड्यांत एक ठिणगी पडली तर? म्हणून फायर कोड सांगतो की जळाऊ सामान साइटवर यायच्या आत आग विझवायचं पाणी आणि बंबाला पावसातही येता येईल असा रस्ता तयार हवा.

आम्ही यातलं काही न विचारता सही केली. रस्ता झाला होता, दिवे लागले होते, आम्ही खूश. पण सुएजचं एक काम शहराने स्वीकारलं नव्हतं. दोन महिन्यांचे सात झाले, कर्जाचा व्याजदर बँकेने धरून ठेवायची मुदत संपली आणि भाड्याच्या घराला महिन्या-महिन्याच्या करारावर जास्तीचे पैसे मोजले. बिल्डर प्रत्येक वेळी म्हणायचा, "एनी डे नाउ." म्हणून सांगतो, शहराने काम स्वीकारल्याचं पत्र मागा. ते नसेल तर परमिट लांबल्यास बयाणा परत मिळेल, असं करारात लिहून घ्या.

खर्चाचंही विचारा. पाणी आणि सुएजची इम्पॅक्ट फी (नव्या घरांमुळे या सोयींवर पडणाऱ्या भाराची फी) साधारणपणे परमिटच्या वेळी भरतात. ती घराच्या किमतीत धरली आहे ना? आणि वसाहत 'मड'मध्ये, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टमध्ये असेल, तर नळ आणि गटारांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांची फेड तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून होते. तशी नोटीस करारापूर्वी मिळायला हवी. ती वाचा, नुसती सही नको.

विदर्भ-मराठवाड्याकडच्यांना इथली माती ओळखीची वाटेल. डॅलसजवळची ब्लॅकलँड प्रेअरी म्हणजे आपली काळी कापसाची जमीनच: उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगणं. घर जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर आणि ड्रेनचे पाइप त्याच्या खाली. स्लॅब ओतायच्या आधी त्या पाइपांत पाणी भरून गळती तपासतात. त्या दिवशी शक्य असेल तर जा आणि प्रत्येक पाइपचा फोटो घ्या. एकदा ओतल्यावर ते पुन्हा दिसायचे नाहीत.

स्वस्त म्हणून शहराच्या हद्दीबाहेर एकर घेणाऱ्यांचा घोळ वेगळा. तिथे सुएज नसेल तर सेप्टिक टँकचं परमिट लागतं. 1988 नंतर पाडलेल्या प्लॉटवर स्वतंत्र सेप्टिकसाठी सार्वजनिक पाणी असेल तर साधारण अर्धा एकर आणि स्वतःची विहीर असेल तर एक एकर जागा हवी. चिकणमातीत बऱ्याचदा एरोबिक सिस्टीम बसवावी लागते, जी हवा सोडून मैलापाणी शुद्ध करते आणि ते पाणी हिरवळीवर फवारते. ज्येष्ठ मंडळी भारतातून आली की त्यांना हे आधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाई त्याच पाण्याने तुळस भिजवायला निघाल्या होत्या.

घर झाल्यावर कुंपणासाठी खड्डा खणायचा असेल तर दोन कामाचे दिवस आधी 811ला फोन करा, फुकट आहे. जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत, ते रंगाने खुणा करून दाखवतात. अंगणात रंगपंचमी होईल: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सुएज, नारिंगी इंटरनेट.

आणि चौकशीला शहराच्या प्लॅनिंग ऑफिसात जाल तेव्हा लॉट आणि ब्लॉक नंबर लिहून न्या. नव्या वसाहतीतल्या घराला कधीकधी पत्ताच पडलेला नसतो.