एकट्या आजी-आजोबांकडे जाताना वार ठरवून जा

सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना सोबत द्यायची असेल, तर "येईन कधीतरी" म्हणू नका. वार आणि वेळ सांगा: बुधवारी पाच वाजता. पाऊण तास पुरतो. त्या दिवशी जमणार नसेल तर आदल्या दिवशीच फोन करा, कारण चहाचं आधण तुमच्या हिशोबाने ठेवलेलं असतं.

पहिल्या भेटीत "एकटं वाटतं का हो?" असं विचारू नका, माणूस अवघडतो. काहीतरी काम घेऊन जा. त्यांच्याकडून लोणच्याचं प्रमाण लिहून घ्या, शब्दकोडं अर्धं सोडवून न्या, किंवा फोनवर मुलाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते दाखवा. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. हे काम करून दिलंत की ओळख आपोआप पक्की होते. मात्र पासबुक, एटीएमचा पिन, ओटीपी यांना हात लावायचा नाही, त्यांनी स्वतःहून दिला तरी. आणि तुम्ही येता हे त्यांच्या मुलाला-मुलीला माहीत असू द्या.

ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद करून समोर बसा. तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर पुन्हा ऐका.

उपासमार, मारहाण किंवा घरच्यांचा जाच दिसला तर एकट्याने भांडायला जाऊ नका. ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' 14567 हा क्रमांक मोफत आहे, सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो.